होल्डवरचा माणूस

"चौथ्या मजल्यावर कुठून जायचं हो?"

एवढंच विचारलं तिनं. लिफ्टनं तिला चौथ्याऐवजी तळघरात आणून सोडलं होतं. समोर लांबलचक रिकामा बोळ, आणि बोळाच्या टोकाला एका उघड्या दारात कुणीतरी पाठमोरं उभं राहून हेडफोनची वायर गुंडाळत होतं. वर रस्त्यावर दुपारचं ऊन रणरणत होतं, पण इथे खाली सकाळ, दुपार सगळं सारखंच, एका पांढऱ्या ट्यूबलाइटच्या उजेडातलं.

तो माणूस वळला नाही. वायर गुंडाळणारे हात मात्र थांबले.

"परत बोला," तो म्हणाला. "आत्ता काय विचारलंत ते."

आता कुणी अनोळखी माणसानं असं म्हटलं, तर एखादी मुलगी फणकाऱ्यानं निघून गेली असती. ही जागच्या जागी खिळली. कारण तो आवाज तिच्या ओळखीचा होता. गेल्या दीड वर्षात तिनं तो पाच-सहा वेळा ऐकला होता, दर वेळी मिनिटभर, फार तर दीड मिनिट... आणि त्या आवाजाला हातपाय असतील, चेहरा असेल, चेहऱ्यावर चष्मा असेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं!

तो वळला. चष्मा होता.

"तुम्ही काच कारखान्याच्या," तो अगदी हळू म्हणाला. "कर्जताई."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. "हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. होल्डवर असताना."

थांबा, आधी हे कर्जताई प्रकरण सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

तर ही आमची नायिका एका बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होती. औषधाच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, असलं सगळं तिथे बनायचं. कारखान्याची कर्जं, त्यांचं व्याज, बँकांशी बोलणी, हे तिच्या गळ्यात. म्हणून कामगारांनी नाव ठेवलं कर्जताई. तिचे बाबा त्याच कारखान्यात भट्टीवर मुकादम होते. आयुष्यभर भट्टीत डोकावून त्यांच्या भुवया पार जळून गेलेल्या, आणि तरी त्या भट्टीवर त्यांचा लेकीइतकाच जीव. काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवायची नसते. विझली, तर आतली काच आतच थिजते, आणि मग ती फोडून टाकण्याखेरीज तिचं काही करता येत नाही.

ही भट्टी कर्ज काढून बांधलेली, आणि कर्जाचा व्याजदर होता बदलता. म्हणजे फ्लोटिंग. दर तीन महिन्यांनी बाजारात जो दर असेल तो. दर चढला की कारखान्याचा जीव खालीवर. म्हणून कर्जताईनं दुसऱ्या एका बँकेबरोबर स्वॅप केला. घाबरू नका, सोपं आहे. कारखान्यानं त्या बँकेला एक ठरलेला दर द्यायचा, फिक्स्ड. आणि बँकेनं कारखान्याला बदलता दर द्यायचा. बँकेकडून जे बदलतं व्याज आलं, ते उचलून कर्जाला भरून टाकायचं. उरला फक्त ठरलेला दर. बाजारात काहीही उलथापालथ होऊ दे, आपण शांत झोपायचं.

फक्त एकच गोष्ट सांभाळायची. कोण काय देणार, ते उलटं होता कामा नये. उलटं झालं, तर दर चढल्यावर कर्जालाही जास्त भरा आणि वर बँकेलाही भरा. दोन्हीकडून मार.

आणि नेमकं तेच झालं होतं. स्वॅपचा सौदा झाला फोनवर, तसाच होतो तो. मागून आलेल्या कागदावर बाजू उलटी छापलेली. कागद आला त्या दिवशी कर्जताई इस्पितळात होती, बाबांना भट्टीवर भाजलं होतं म्हणून. आणि सही केली मोठ्या साहेबांनी, तीही चष्म्याशिवाय! पहिलं वर्षभर दोन्ही दर जवळजवळ सारखेच राहिले, देणंघेणं इतकं फुटकळ की वर्षअखेरीला एकदम बघू म्हणून कुणी पाहिलंच नाही. मग दर एकाएकी भडकला, आणि बँकेकडून पैसे येण्याऐवजी बँकेचं मागणीपत्र आलं. तो आकडा भरायचा, तर कारखान्याला महिनाअखेरीला भट्टी विझवावी लागणार होती.

करारात एक कलम मात्र होतं. कागद आणि फोन यांत फरक पडला, तर फोनवरचं बोलणं खरं धरायचं. बँकेत सगळे फोन टेप होतात. त्या दिवसाची सीलबंद टेप दोन्ही बाजूंनी एकत्र ऐकायची, एकदाच, आणि ऐकलेलं लिहून सह्या करायच्या. त्यासाठी ती आली होती. आणि खरी भीती ही होती, की त्या दिवशी आपण काय बोललो ते तिला आठवतच नव्हतं. बाबांना शस्त्रक्रियेला नेलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं... उलटं आपणच बोललो असलो तर?

हे झालं कारखान्याचं. आता त्या आवाजाचं.

दर तीन महिन्यांनी नवा दर ठरायचा. त्या दिवशी ती बँकेला फोन लावायची, तिथला डीलर म्हणायचा, "मॅडम, होल्ड करा, बघून सांगतो." मग शांतता. आणि त्या शांततेत, विहिरीच्या तळातून यावा तसा, एका माणसाचा आवाज यायचा. आधी तिला वाटलं क्रॉस कनेक्शन. मग तो आवाज म्हणाला, "जेवलात का?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हो, जेवले." मग हळूहळू ती बोलायलाच लागली. बाबांबद्दल, कारखान्याबद्दल, तिला बघायला आलेल्या आणि बाटल्यांचे भाव विचारून गेलेल्या मुलाबद्दल. कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? की मला होल्डवर एक माणूस भेटतो, आणि मी तीन-तीन महिने त्याची वाट बघते?

"आत या," तो म्हणाला. "उभ्या उभ्या बोलण्यासारखं नाहीये हे."

खोली लहान होती. भिंतींना, छताला, जमिनीला, दाराच्या आतल्या बाजूलाही जाड करडा स्पंज लावलेला. आत पाऊल टाकलं आणि तिला तिच्याच चपलांचा आवाज ऐकू येईना. आपलं काळीज धडधडतंय ते मात्र स्वच्छ ऐकू येत होतं.

"मी इथे टेपा ऐकतो," तो म्हणाला. "तेच काम माझं. वर मला सगळे कान म्हणतात. टेप म्हणजे आता फायलीच असतात, पण म्हणायचं टेप. डीलर नीट बोलले का, काही चुकीचं कबूल केलं का, ते तपासायचं. लाइनवरचं सगळं रेकॉर्ड होतं. होल्डसुद्धा."

"म्हणजे मी जे जे बोलले ते..."

"सगळं." तो कानापर्यंत लाल झाला. "माफ करा. तो बाटल्यांचे भाव विचारणारा मुलगासुद्धा."

"अगं आई गं!" तिनं कपाळाला हात लावला. "आणि वर मलाच विचारत होतात, जेवलात का!"

"तेच तर सांगायचंय." तो खुर्चीच्या कडेवर बसला. "मी फोनवर नव्हतोच हो. इथे दिवसभर एकट्यानं बसायचं, म्हणून टेपशी बोलायची सवय लागली. तुमची टेप लागली, तुमचा आवाज फार थकलेला वाटला, म्हणून मी या भिंतींना म्हटलं, जेवलात का. आणि टेपमधून उत्तर आलं. हो, जेवले." त्यानं चष्मा काढून हातात धरला. "ती टेप तेव्हा तीन महिने जुनी होती."

खोलीत इतकी शांतता होती, की त्याच्या मनगटावरचं घड्याळ तिला ऐकू येत होतं.

"भीती वाटली?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला?"

"आठ दिवस झोपलो नाही. आणि नवव्या दिवशी पुढची टेप केव्हा येईल म्हणून वेळापत्रक बघत बसलो."

तिला हसू आलं, अशा वेळी येऊ नये तसं. "मला वाटायचं, तुम्ही चांगले साठीचे असाल. आवाज इतका समजूतदार."

"आणि मला वाटायचं, तुम्ही खूप उंच असाल."

"का बरं?"

"रागावता फार. त्या डीलरला काय झापलं होतंत!"

दोघं हसले. आणि मग दोघांच्या मनात एकदमच एकच गोष्ट आली.

"मी तुम्हाला पहिल्यांदा ऐकलं," ती म्हणाली, "ते सौद्याच्या दिवशीच. काय बोललात ते आठवत नाही. पण तुम्ही काहीतरी बोललात. नक्की."

"ती टेप मी ऐकलेली नाही. सौद्याच्या टेपा सीलबंद असतात."

"म्हणजे आज..."

"आज ऐकणार." त्यानं दाराकडे बोट केलं. दारावर पाटी होती: ऐकताना बोलू नये. "सुनावणी असते तेव्हा खोलीतलंही रेकॉर्ड होतं. त्या वेळी ऐकणारा बोलला, तर साक्ष ढवळली असं धरतात. त्याच दिवशी नोकरीवरून काढतात. माझ्या आधीचा तसाच गेला, नुसता 'अरे देवा' म्हणाला म्हणून."

"मग नका बोलू," ती पटकन म्हणाली.

"नाही बोललो, तर तुम्ही त्या दिवशी कुणाचा आवाज ऐकलात?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, तो तिच्याकडे. तेवढ्यात बोळात टाचा वाजल्या, म्हणजे वाजल्या असाव्यात. या खोलीत त्या ऐकू आल्याच नाहीत, एकदम दारात बँकेची वकीलबाईच दिसली. हातात लाखेचं पाकीट, कपाळाला आठ्या.

"तुम्ही इथे? मी वर केव्हाची वाट बघतेय."

"लिफ्टनं खाली आणलं."

"काहीतरीच काय! तळघराचं बटण किल्लीशिवाय दाबलंच जात नाही." वकीलबाईनं क्षणभर दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विषय सोडून दिला. "चला. बसा. यापुढे कुणी बोलायचं नाही."

तिनं सील फोडलं, त्यानं टेप लावली. स्पीकरच्या वर आकडे पळू लागले.

आधी आला तो पाऊस. बाहेर ऊन होतं, आणि त्या स्पंजच्या खोलीत दीड वर्षापूर्वीचा पाऊस कारखान्याच्या पत्र्यांवर तडातड वाजत होता. मग डीलरचा खुशालचेंडू आवाज. रक्कम, मुदत पाच वर्षं, दर तीन महिन्यांनी नवा दर. मग तिचा स्वतःचा आवाज. रडून बसलेला.

"फिक्स्ड कोण देणार मॅडम?"

"फिक्स्ड... तुम्ही. तुम्ही द्यायचं. फ्लोटिंग आम्ही देऊ."

बोललोच होतो आपण! उलटं, आपल्याच तोंडानं! वकीलबाईचं पेन कागदावर सरसर चाललं.

"लिहिलं," टेपमधला डीलर म्हणाला. "होल्ड करा, दर पक्का करून येतो."

मग शांतता. पाऊस. टेपमधल्या मुलीचा श्वास. आकडे पळत होते. दहा सेकंद. पंधरा. टेपमधली मुलगी स्वतःशीच पुटपुटली, "बाबा शुद्धीवर आले असतील का..."

कर्जताईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते मागणं झालं असतं, आणि मागायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ती गुडघ्यावरच्या आपल्या हातांकडे बघत बसली. बाबांची भट्टी, चारशे माणसं, आणि समोर एका माणसाची नोकरी. आणि यातलं काय जड, ते तिला ठरवायचंच नव्हतं. वीस सेकंद. पंचवीस.

"कर्जताई," तो म्हणाला.

वकीलबाईचं पेन थांबलं.

तो स्पीकरकडे वाकून बोलत होता, अगदी हळू, झोपलेल्या माणसाला उठवावं तसं. "उलटं बोललात तुम्ही. फिक्स्ड तुमच्याकडून जायचंय. तो परत आला की त्याला सगळं वाचून दाखवायला सांगा. आणि बाबांची काळजी करू नका. ते बरे होणार आहेत. मला माहीत आहे."

पाऊस वाजत राहिला. आणि मग टेपमधून, दीड वर्ष पलीकडून, ती मुलगी दचकून म्हणाली, "कोण? कोण बोलतंय?" आणि जरा थांबून, अगदी लहान आवाजात, "खरंच होतील ना बरे?"

"खरंच," तो म्हणाला.

वकीलबाईच्या हातातलं पेन खाली पडलं. स्पंजावर पडल्यामुळे त्याचाही आवाज झाला नाही.

डीलर परत आला. "हां मॅडम, तर..."

"एक मिनिट," टेपमधली मुलगी म्हणाली, आणि आता तिचा आवाज स्वच्छ होता. "मी मघाशी उलटं बोलले. फिक्स्ड आम्ही देणार, फ्लोटिंग तुम्ही द्यायचं. परत वाचून दाखवा."

"हो का? बरं बरं. फिक्स्ड तुम्ही, फ्लोटिंग आम्ही. डन?"

"डन."

टेप संपली. झालं होतं ते इतकंच. त्या शहाण्या डीलरनं पहिल्यांदा लिहिलेली चिठ्ठी न खोडता तशीच पुढे सरकवली होती, आणि कागद त्या चिठ्ठीवरून छापला गेला होता.

वकीलबाईनं बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायलं, पेन उचललं आणि लिहिलं. "सौदा दुरुस्तीसह पक्का. कारखान्याचं म्हणणं बरोबर. बँक मागणी मागे घेईल. करा सह्या." दोघांनी केल्या. "आणि तुम्ही," ती त्याला म्हणाली, "ऐकताना बोललात. तुम्हाला नियम माहीत आहे. पाचच्या आत किल्ली वर आणून द्या."

"हो."

दारात जाऊन ती थांबली. "मघाशी इथे जे झालं ते मी पाहिलेलं नाही. घरी दोन लहान पोरं आहेत मला, रात्री दिवा मालवून त्यांना मीच झोपवते." आणि ती जिन्यानं गेली. लिफ्टकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

कर्जताईचा जीव भांड्यात पडला आणि लगेच घशाशी आला. भट्टी वाचली होती. समोरचा माणूस मात्र खण उघडून आपला कंगवा, चहाचा कप, डोकेदुखीच्या गोळ्या पिशवीत भरत होता.

"माझ्यामुळे गेली तुमची नोकरी."

"कंटाळलो होतो हो," तो म्हणाला. ते खोटं आहे, हे त्या खोलीत लपण्यासारखं नव्हतं. "एकच वाईट वाटतं. आता तुमच्या टेपा दुसरा कुणी ऐकणार. आणि तो गप्प बसणार."

ती एकदम सरळ झाली. "एक टेप राहिलीय."

"कुठली?"

"तीन आठवड्यांपूर्वीची. मागचा नवा दर ठरला त्या दिवशीची. ऐकलीत?"

"नाही. ती अजून दोन महिन्यांनी माझ्याकडे आली असती."

"मग आत्ता ऐका. किल्ली देण्याआधी."

"का? काय आहे तिच्यात?"

"मला काय विचारता? तुमचंच तर बोलणं आहे!"

"मी काय बोललो?"

"वा! मी सांगितल्यावर मग ते तुमचं कसं राहील?" तिचे कान गरम झाले होते. "लावा ना आता..."

त्यानं टेप शोधली. लावली. पिशवी बाजूला ठेवून तो बसला, आणि तिनं खुर्ची जरा मागे ओढून भिंतीकडे बघायला सुरुवात केली. भिंतीवर बघण्यासारखं काहीएक नव्हतं.

"मॅडम, होल्ड करा," डीलर म्हणाला.

मग टेपमधून तिचा आवाज आला, जवळून, हसरा. "आहात का?"

"आहे," तो म्हणाला.

"आज उशीर केलात."

आकडे पळत होते. इतक्या टेपांशी बडबडलेला माणूस, आणि आता जीभ टाळूला चिकटली होती. शेवटी त्यानं स्पीकरकडे पाठ केली आणि खुर्ची तिच्याकडे फिरवली. तिनं भिंतीवरची नजर काढली.

"मला नोकरी नाही," तो म्हणाला. "आजपासून. तरी विचारतो. माझ्याशी लग्न करशील?"

ती त्याच्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. उत्तर त्याच्या पाठीमागून आलं.

"अय्या!" टेप म्हणाली. आणि मग बराच वेळ नुसता श्वास. "विचार करून सांगते हं."

त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले असावेत, कारण त्यानं तिथे हात नेला. पण चेहरा मात्र खुलला होता. "तीन आठवडे झाले," तो समोरच्या तिला म्हणाला. "झाला का विचार?"

"बंद करा आता ती," ती घाईघाईनं म्हणाली आणि बटणाकडे हात न्यायला लागली. "ऐकलंत ना. बास झालं."

"अंहं." त्यानं तिचा हात वरच्यावर धरला. धरला तो सोडलाच नाही. "टेप शेवटपर्यंत ऐकायची असते. तोच नियम."

"अहो, नको ना... पुढे काही नाहीये..."

पुढे डीलर होता. "हां मॅडम, आलो," तो टेपमधून म्हणाला. "कुणाशी बोलत होतात?"

आणि तीन आठवड्यांपूर्वीची ती, जिला या माणसाला हातपाय आहेत की नाहीत तेही माहीत नव्हतं, क्षणभरही न थांबता म्हणाली, "आमच्या ह्यांच्याशी."